उसनी लाज

थांबा, थांबा. हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय, नाहीतर मी फुटेन. ब्रेक संपायला थोडाच वेळ आहे, मी पेट्रोल पंपावरच्या डेलीच्या, म्हणजे सँडविच-रोलच्या काउंटरच्या मागे दुधाच्या क्रेटवर बसलेय, डोक्यावर ती जाळीची टोपी, हाताला कांद्याचा वास, आणि एकाच अंगठ्याने टाइप करतेय. चुका होतील, सांभाळून घ्या. कारण आत्ता मिरजेहून एक फोटो आलाय आणि तो बघून मी हसतेय की रडतेय ते मलाच कळत नाहीये. पण फोटो नंतर. आधी दरबारताई.

दरबारताईची पहिली गोष्ट, जी कुणालाही लगेच दिसायची, ती म्हणजे तिला दुसऱ्यांची लाज वाटायची. स्वतःची काय हो, सगळ्यांनाच वाटते. हिला लोकांची वाटायची. दुकानात पुढच्या माणसाचं कार्ड चाललं नाही की लालबुंद ही. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत कुणी बेसूर लागलं की ही ओढणी तोंडावर घेऊन किचनमध्ये पळायची आणि तिथून ओरडायची, "संपलं का गं? गेला का तो?" एकदा बसमध्ये एक प्यायलेला माणूस ड्रायव्हरशी भांडत होता, तर ताई उठून पुढे गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "सॉरी हं." ड्रायव्हरला वाटलं ही त्याची बायको. मी खिडकीतून बाहेर बघत होते, काच वाफेने धूसर झालेली होती तरी. म्हणजे मला तिची लाज वाटत होती. तिच्याबरोबर राहिलं की हे लागायचंच, सर्दीसारखं.

आम्ही आयर्लंडमध्ये, मेनूथला एका घरात राहायचो. मी चिंचवडहून मास्टर्स करायला आलेली, डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे सगळे करतात तेच. ताई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, पीएचडीच्या शेवटाला आलेली, आणि विषय असा की पहिल्यांदा ऐकून मी "अच्छा, मस्त" म्हणून विषय बदलला होता. चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज संगीतकार. घरी इंग्लंडमध्ये त्याला हवी तशी नोकरी मिळेना, म्हणून हा उत्तरेकडच्या एका परक्या राजाच्या दरबारात जाऊन राहिला. तिथे ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवायचा आणि राजासाठी नाचाच्या, जेवणाच्या, मूड गेलेला असतानाच्या वेळच्या रचना करायचा. त्याचं नाव मी लिहीत नाहीये. ताईने तेव्हाच बजावलं होतं, "कुठे लिहिलंस तर नाव घालू नको गं त्याचं. आधीच पुरेशी बदनामी झालीये."

आता मिरजेची मुलगी आणि ल्यूट कसं काय? तर मिरजेत तंबोरे बनतात ते तुम्हाला माहीतच असेल. ताईच्या बाबांचा कारखाना तिथे. कारखाना म्हणजे एक खोली आणि वर माळ्यावर वाळत टाकलेले भोपळे. भोपळ्यांमध्ये वाढलेली मुलगी. कॉलेजात असताना तिने कुठल्यातरी पुस्तकात ल्यूटचं चित्र पाहिलं. अर्ध्या कापलेल्या भोपळ्यासारखं पोट आणि खुंट्यांपाशी मागे वळलेली मान. आणि ही म्हणाली, "अगं बाई, याची मान कुणी मोडली?" झालं. त्या मोडक्या मानेच्या मागे मागे ती आयर्लंडपर्यंत आली.

दरबारताई हे नाव तिला आम्ही घरातल्यांनी दिलं, कारण रोज संध्याकाळी पोळ्या लाटताना तिचा दरबार भरायचा. ती त्या माणसाबद्दल असं बोलायची जसा काही तो वरच्या खोलीत राहतो आणि आज परत काहीतरी करून बसलाय. "मितू, ऐक, आज काय झालं माहितीये? राजाने याला बोलावलंय. आणि हा उशिरा गेलाय! राजाकडे! वर म्हणतो, तारा लावत होतो." मग पिठाचे हात तसेच गालाला. "मेले गं मी." कधी तो दुसऱ्या वादकांची चुगली करायचा. कधी एकाच रचनेला वेगळं नाव देऊन ती दोन सरदारांना अर्पण करायचा, आणि ते दोघे एकमेकांचे मेहुणे निघायचे. "आता ते लग्नात भेटतील की नाही? भेटतीलच ना? मग?" पोळी करपायची. मी करपलेली पोळी खात विचारायचे, "मग काय झालं?" आणि खरं सांगते, नेटवर जे काही बघायचे त्यापेक्षा हे भारी असायचं.

एक दरबार मला सगळ्यात जास्त लक्षात आहे. त्या राजाच्या महालात म्हणे वादकांना तळघरात बसवायचे. वर राजा बसलाय, पाहुणे बसलेत, आणि खालून नळ्यांमधून, जमिनीतल्या फटींमधून गाणं वर येतंय. कुणालाच वाजवणारा दिसत नाही. मी म्हणाले, "ई, काय अपमान आहे यार! थंडीत, अंधारात!" ताईने लाटणं थांबवलं. मग म्हणाली, "मला नाही वाटत तसं. त्याला बरं वाटत असणार. वाजवलेलं ऐकू तर जातंय, आणि तोंड दाखवावं लागत नाही."

आमची घरमालकीण ब्रीडा शेजारीच राहायची. सत्तरीची बाई, आठवड्याला एकदा ब्राउन ब्रेड घेऊन यायची आणि दारातच विचारायची, "हाउज युवर मॅन?" इकडे कुठल्याही माणसाला 'युवर मॅन' म्हणतात, म्हणजे आपलं 'तो तुमचा तो'. ताईला मात्र हे फार आवडायचं. ती खुशाली सांगायची. "ही इज ग्रँड, ब्रीडा. राजाने त्याला नवीन कोट दिलाय." ब्रीडा म्हणायची, "बरं झालं बाई, तिकडे थंडी असते." आणि ब्रेड प्रेसमध्ये ठेवून जायची. प्रेस म्हणजे कपाट. सॉरी, आता माझ्या तोंडात तेच बसलंय.

पण एक गोष्ट ताई ब्रीडाला कधी सांगायची नाही. आणि आम्हालाही तिने ती एकदाच सांगितली, तीही दिवा घालवल्यासारख्या आवाजात. त्या माणसाला दरबारातून हाकललं होतं. राजाने त्याला तारा आणायला आणि दोन चांगले वादक शोधायला इंग्लंडला पाठवलं, थोड्या दिवसांत परत ये म्हणाला. हा वर्षभर गेलाच नाही. घरी बसून दुसरीकडे कुठे चिकटता येतंय का ते बघत होता. शेवटी कुठेच काही जमेना तेव्हा परत गेला, आणि सांगितलं की समुद्रात वादळ होतं. वर्षभर वादळ! बरोबर एकही वादक नाही, आणि तारा आणल्या त्याही दमट. राजाने त्याला सगळ्यांसमोर काढून टाकलं. ताईने हे सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पण त्याची तब्येतही बरी नव्हती हं तेव्हा." मी विचारलं, "हे कुठे लिहिलंय?" ती म्हणाली, "लिहिलेलं नाही. पण नसणारच."

थीसिसमध्ये तिने यावर किती लिहिलं होतं? एक ओळ. "त्यानंतर त्याची दरबारातील सेवा संपुष्टात आली." तिच्या गाइडने परत परत सांगितलं की इथे अजून हवं, का संपली ते हवं, पुढची दोन प्रकरणं त्याच्यावरच उभी आहेत. ताई हो हो म्हणायची आणि त्याच्या लहानपणावर अजून चार पानं वाढवायची. मी एकदा म्हणाले, "ताई, लिहून टाक ना, मेलाय तो." तर असं बघितलं माझ्याकडे! "मेला म्हणून काय झालं? आपला माणूस आहे. आपल्या माणसाचं असं चव्हाट्यावर मांडतात का?" आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे प्रत्येक घरात एक काका असतो की नाही, ज्याची नोकरी 'सुटली'? कशी सुटली ते कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. ताईने त्या इंग्रजाला आपल्या घरातला काका करून टाकला होता.

मग एका दुपारी तिने थीसिस जमा केला. आम्ही कालव्याच्या काठाने चालत घरी आलो, ताईने उड्या मारल्या, खरंच उड्या, आणि तिथूनच बाबांना फोन लावला. "बाबा, दिला!" एवढंच म्हणाली. दिला म्हणजे जमा केला. अजून तोंडी परीक्षा बाकी, ती काही महिन्यांनी. पण मिरजेत 'दिला' म्हणजे झालंच की! दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर फोटो. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबापासून पानपट्टीपर्यंत, भलामोठा फ्लेक्स. ताईचा कुणाच्यातरी लग्नातला फोटो, शेजारच्या माणसाचा खांदा तसाच राहिलेला. मागे विमान. आणि आयफेल टॉवर, कारण फ्लेक्सवाल्याकडे परदेश म्हणून तेवढंच होतं. खाली लिहिलेलं, "मिरजेच्या सुकन्येस आयर्लंड येथे डॉक्टरेट मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त गल्ली." ताईने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "मेले गं मी."

"सांग ना बाबांना, की अजून व्हायचंय," मी म्हणाले.

"आता काढायला लावू? लोक काय म्हणतील त्यांना? राहू दे. तीन-चार महिन्यांत होईलच खरं."

आणि मग ती परीक्षा झाली. मी बाहेर बाकावर पेढ्यांचा डबा घेऊन बसले होते, मीच केलेले, मिल्क पावडरचे. ताई बाहेर आली ती पांढरीफटक. तिला लाल होताना मी रोज बघायचे, पांढरी पहिल्यांदा पाहिली. आत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शांतपणे विचारलं होतं, "तू इतकी वर्षं या माणसाबरोबर राहिलीस. त्याला हाकललं जातं, आणि त्यावर तुझी एकच ओळ?" ताईला सगळं पाठ होतं, कोण काय म्हणालं, कुठल्या दालनात म्हणालं. पण तिच्या तोंडून निघालं, इंग्लिशमध्ये, "आमच्यात घरातलं बाहेर सांगत नाहीत." दोन्ही परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. निकाल असा लागला की वर्षभरात तो भाग नव्याने लिहायचा, त्याच्यावर उभं आहे ते सगळं नव्याने लिहायचं, आणि परत परीक्षेला बसायचं.

मी पेढ्यांचा डबा पिशवीत खाली खाली ढकलत होते. तिला दिसू नये म्हणून. दिसलाच. "दे एक," ती म्हणाली. "तू केलेत म्हणून खाते." आणि रडत रडत खाल्ला. मला इतकी लाज वाटली! कशाची ते सांगता येणार नाही. डबा आणल्याची असेल.

म्हणजे आता परिस्थिती काय, तर मिरजेत ती डॉक्टर आणि मेनूथमध्ये नाही. आणि बाबा रोज त्या फ्लेक्सखालून सायकल काढतायत. पानपट्टीवाला रोज विचारतोय, "काय काका, डॉक्टरीणबाई काय म्हणतायत?" ताई खोलीतून बाहेर येईना. पोळ्या बंद, दरबार बंद. आम्ही आपले पास्ता खायचो.

मग ब्रीडा आली ब्रेड घेऊन. दारातच, नेहमीसारखं, "हाउज युवर मॅन?" मी हातवारे करत होते की नको, आज नको. ताई जिन्यात उभी होती, ओढणी डोक्यावरून. आणि एकदम म्हणाली, "त्याला हाकललं, ब्रीडा. सगळ्यांसमोर. तो खोटं बोलला होता राजाशी."

मला वाटलं आता छत पडणार. ब्रीडाने ब्रेड प्रेसमध्ये ठेवला, वळली आणि म्हणाली, "अरेरे, बिचारा. माझ्या भावाला तर तीनदा हाकललंय. त्यात एकाच ठिकाणाहून दोनदा. चहा टाकतेस का?"

ताईने चहा टाकला. आणि चहा पिता पिता सगळं सांगितलं, वादळ, दमट तारा, सगळं. ब्रीडा मध्ये मध्ये "ओह, द क्रेचर", म्हणजे 'बिचारा गं', म्हणत होती आणि बिस्किट बुडवत होती. ती गेल्यावर ताईने कप विसळले. मग म्हणाली, "काही झालं नाही गं." मी विचारलं, "कशाला?" ती म्हणाली, "कशालाच."

दुसऱ्या दिवशी तिने कणीक मळायला घेतली आणि मला म्हणाली, बाबांना फोन लाव, स्पीकरवर टाक, माझे हात भरलेत. मला वाटतं तिने मुद्दाम हात भरवले होते, मध्येच फोन ठेवता येऊ नये म्हणून.

"बाबा, ते झालं नाही."

"काय झालं न्हाई?"

"डॉक्टरेट."

"अगं, फ्लेक्स लावलाय की."

"फ्लेक्सने होत नाही ना बाबा."

पलीकडे कुणीतरी तंबोऱ्याची तार छेडून बघत होतं. ते थांबलं. "म्हंजे नापास?"

"नापास नाही. परत लिहायचंय. एक माणूस मी झाकून ठेवला होता, आता तो उघडा करायचाय."

"माणूस? कुठला माणूस? आमाला कधी बोलली न्हाईस!"

"बाबा, तो मेलाय."

"अरे देवा! कधी?"

"चारशे वर्षं झाली."

मी तोंडात ओढणी कोंबली, ताईचीच. मग बाबांचा एकदम लहान आवाज. "मग गल्लीला काय सांगायचं गं?" "खरं सांगायचं." "लाज वाटायली गं मला." ताईने कणकेत मूठ खुपसली. "मला पण बाबा." शेवटी ते म्हणाले, "उद्या काढतो."

काढला का? छे. शिडी घेऊन बाहेर पडले तर पानपट्टीवाल्याने विचारलं, "काय काका, आणखी मोठा लावायचाय व्हय?" आणि बाबा म्हणाले, "व्हय." आणि शिडी घेऊन परत आत! आता गल्ली मोठ्या फ्लेक्सची वाट बघायला लागली. ताईने हे ऐकलं, आणि पहिल्यांदाच तिने तोंड झाकलं नाही. म्हणाली, "त्यांची लाज आहे होय ही? माझी आहे. ते कशाला वाहतायत?" आणि डिसेंबरचं तिकीट काढलं.

ती मिरजेला पोचली त्याच्या पुढच्या दिवशी मी बसमध्ये होते, शिफ्टला निघालेली, युनिफॉर्म, जाळीची टोपी आधीच डोक्यावर कारण उशीर. इथे एक सांगायला हवं. माझ्या आईला वाटतं मी ऑफिसात पार्टटाइम करते. तिचा व्हिडिओ कॉल आला की मी टोपी काढून भिंतीला टेकून उभी राहते. बरं, तर बसमध्ये ताईचा व्हिडिओ कॉल. फोन बाबांच्या हातात, सगळं हलतंय, आणि मध्ये शिडी, शिडीवर ताई. भर दुपार तिकडे. "मितू, तू बघ! कुणीतरी बघायला पाहिजे, नाहीतर मी खाली उतरेन!"

खालून एका काकूंचा आवाज. "अगं डॉक्टर, शिडीवर कशाला चढायलीस?"

"काकू, मी डॉक्टर नाही!"

"सुया टोचायची न्हाईस, ते ठावं हाय आमाला."

"तसलीपण नाही काकू! परीक्षा पास नाही झाले. परत लिहायचंय. हे खोटं आहे, म्हणून काढतेय."

मोठ्याने म्हणाली. पानपट्टीपर्यंत जाईल असं. एक स्कूटर थांबली. मी बसमध्ये, माझे कान तापलेले. शेजारी एक आजोबा बसले होते, त्यांची नजर माझ्या फोनमध्ये. "युवर वन पडेल बरं का," ते म्हणाले. युवर वन म्हणजे 'ती तुमची ती'. मी म्हणाले, "शी इज ग्रँड," आणि मला रडायला येत होतं.

गल्लीत स्कूटरवाल्याने गाडी स्टँडवर लावली. मग त्याच काकू, "मग परत लिही की. काढतीस कशाला?"

"खोटं आहे ना ते!"

"अगं पण तारीख कुठं घातलीया त्यावर?"

मी शपथेवर सांगते, अख्खी गल्ली मान वर करून फ्लेक्सवर तारीख शोधायला लागली. स्कूटरवालासुद्धा. पानपट्टीवाला म्हणाला, "खरंच की वो, तारीखच न्हाई." काकू म्हणाल्या, "मग गुंडाळून ठेव. होशील तवा लावू. दुमडू नको, रेघ पडती." ताई शिडीवर एका हाताने दोरी धरून, तोंड उघडं, आणि चेहरा असा लाल की मिरजेतून मेनूथला ऊब लागावी. इतक्या वर्षांची सगळी जमवलेली लाज घेऊन ती वर चढली होती आणि खाली कुणाला ती घ्यायचीच नव्हती. त्यांना फक्त फ्लेक्सला रेघ पडायला नको होती.

तेवढ्यात बाबांच्या हातून फोन फिरला आणि गल्लीला मी दिसले. "ही कोण वो टोपीवाली?" ताई वरून ओरडली, "माझी मैत्रीण आहे काकू! चिकनचे रोल बांधते!" सगळ्या गल्लीला! मी फोन बंद करणार होते, खरंच. काकू एकदम जवळ आल्या, फक्त कपाळ आणि कुंकू दिसत होतं. "शिकायला गेलीस ना गं?" "हो काकू, शिकते पण आणि रोल पण बांधते." "पगार येळेवर देतात का?" "देतात." "मग झालं," म्हणाल्या, आणि परत फ्लेक्स कसा गुंडाळायचा ते सांगायला लागल्या.

ताई मेनूथला परत आली नाही. तिथेच माळ्यावर, भोपळ्यांशेजारी टेबल टाकून लिहायला बसली. तिच्या खोलीत आता लिमरिकचा एक मुलगा राहतो, तो स्वयंपाक म्हणून टोस्ट करतो. तिची पुस्तकं मी खोक्यात भरून पाठवली. लाटणं ठेवून घेतलं, विचारलं नाही. ब्रीडा अजून ब्रेड आणते आणि अजून विचारते, "युवर मॅनचं काही कळलं का?" आणि मी सांगते. तो म्हातारा झालाय, इंग्लंडला परत आलाय, लोकांनी त्याला थोडंसं माफ केलंय, थोडं विसरलेत. आणि टीव्हीवर कुणी बेसूर लागलं की आता मीच उठून किचनमध्ये जाते. लागली ना सर्दी.

तर फोटो. आत्ता आलेला. तीच गल्ली, तोच खांब, तोच फ्लेक्स. बाबांनी दुमडलाच होता शेवटी, आयफेल टॉवरच्या बरोबर मधून रेघ. 'शुभेच्छुक' पासून पुढे उंदरांनी खाल्लंय. आणि ती डॉक्टर झालीये! काल झाली! परीक्षा ऑनलाइन झाली, माळ्यावरून, आणि त्याच परीक्षक बाईंनी सगळ्यात आधी विचारलं म्हणे, मागे ते काय ठेवलंय. भोपळे. नव्या प्रकरणाचं पहिलं वाक्य ताईने मला मागेच पाठवलं होतं. "त्याला हाकललं."

फोटोबरोबर व्हॉइस नोट आहे. मी तीनदा ऐकली. "मितू, बघितलंस? मेले गं मी! खोटी होते तेव्हा एकदा वर चढून मोकळी झाले. आता खरी झालेय तर रोज याच्या खालून जायचं! मी मागच्या बोळातून जातेय सकाळपासून. बाबा मात्र उगाच चारदा सायकल काढून आले. आणि ऐक ना, त्या ल्यूटवाल्याची लाज नाही वाटत गं आता. सगळं सांगून टाकलं ना. आता माझी एकटीचीच उरलीये, तेवढी पुरते."

मॅनेजर हाक मारतोय. आणि बघा ना, हीच वेळ मिळाली, आईचा व्हिडिओ कॉल येतोय. टोपी डोक्यावर आहे, मागे भिंतही नाही, सगळे कांद्याचे क्रेट. राहू दे. उचलते. तुमच्याबरोबर झालंय का हो असं कधी? तुम्ही सगळा धीर गोळा करून शिडी चढलात आणि खाली कुणाला काही वाटलंच नाही? सांगा ना मला, खरंच सांगा, मी आईशी बोलून लगेच वाचते.